करंजवाडीच्या सुरीचा खांदेपालट

गेल्या चैत्रात मी पुण्याहून बेळगाव-निपाणीकडे जाऊन आलो. आमच्या शुद्धी सभेच्या दप्तरात या दौऱ्याची नोंद एका ओळीची आहे: ‘करंजवाडी, एक शुद्धी, विधिपूर्वक.’ ही ओळ मीच लिहिली आणि ती खरी आहे. पण ती वाचून चारचौघे माझी पाठ थोपटू लागले तेव्हा मला तिथे उभे राहवेना. म्हणून उरलेली हकीकत इथे लिहितो. कोणाला हसायचे असेल त्याने खुशाल हसावे. मी त्या वेळी हसलो नाही, मी संतापलो होतो. दौऱ्यावर मी बहुतेक वेळ संतापलेलाच असतो. घरी आल्यावर कधीकधी समजते की कशावर.

फाल्गुनात सभेकडे एक कार्ड आले. अक्षर शाळामास्तराचे, मजकूर दुसऱ्याचा. ‘मी बाबालाल मुलाणी, राहणार करंजवाडी, निपाणीजवळ. मला हिंदू व्हायचे आहे. जत्रेच्या आत या. मग येऊन उपयोग नाही.’ ‘जत्रेच्या आत’ या शब्दांखाली दोन रेघा मारलेल्या. मी ते कार्ड तीनदा वाचले आणि माझे डोळे भरून आले. देवीच्या जत्रेत हिंदू म्हणून उभे राहण्यासाठी एक जीव तळमळतो आहे! त्याच दिवशी बसून मी ‘एका तृषार्ताची हाक’ हे पत्रक लिहिले, आणि त्या माणसाचे तोंड पाहण्यापूर्वीच त्याच्या पाचशे प्रती छापूनही झाल्या. आमच्या कामात उत्साह फार.

माझी दुसरी शिदोरी म्हणजे मीच लिहिलेली ‘शुद्धी का व कशी’ ही पुस्तिका. तीत विरोधकांच्या बेचाळीस आक्षेपांना उत्तरे आहेत. त्रेचाळिसावा आक्षेप जगात असू शकेल हे तोवर माझ्या स्वप्नातही नव्हते.

बेळगाव आणि शहापूर

आगगाडीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. कोळशाचे कण डोळ्यांत गेले एवढेच. बेळगावच्या स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने माझी खादी पाहिली, पिशवी पाहिली, आणि विचारले, “हिंडलग्याला न्हवं?”

“हिंडलग्याला काय आहे?”

“जेल हाय की! तुमच्यासारखी खादीवाली समदी तिकडंच जात्यात.”

मी म्हटले, माझे काम अजून तेवढे झालेले नाही, शहापूरला चल. त्याला जरा वाईट वाटलेले दिसले.

शहापूर बेळगावला चिकटून आहे, पण बेळगाव इंग्रजांचे आणि शहापूर सांगली संस्थानचे. टांगा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तेव्हा घोड्याने मान हलवली, बाकी काही फरक पडला नाही. गल्ली अरुंद आणि दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट. घराघरातून लुगडी विणली जात होती. बोलायचे झाले तर ओरडावे लागे, आणि लोक ओरडतच बोलत. अर्धे वाक्य कानडीत, अर्धे मराठीत, आणि भांडण संपूर्ण दोन्हींत. आमच्याकडे एका भाषेत एवढे जमत नाही.

इथे मी उतरलो ते वासुदेवभटजींकडे. निपाणीतल्या कोणाही भटजीने हे काम पत्करले नव्हते. वासुदेवभटजींनी पत्करले, कारण त्यांना गाव बघायला आवडते. साठीचा गुबगुबीत, आनंदी माणूस. त्यांच्या घरी मी पहिल्याने मांडे खाल्ले. हातरुमालाएवढ्या घडीत एवढे गोड मावते हे पाहून मी थक्क झालो, आणि कार्यकर्त्याने जिभेचे चोचले पुरवू नयेत हे माझे मत मी दोन मांड्यांपुरते बाजूला ठेवले.

“घ्या की हो अजून एक. शुद्धी काय पळून जातीय?” भटजी म्हणाले. “गोत्र काश्यप लावू. ज्याला गोत्र नाही त्याचं काश्यप, हे शास्त्रातच आहे बघा. नाव काय ठेवायचं?”

“बाळकृष्ण. बाबालालला जवळचं.”

“बरं आहे. आणि जात?”

मी पुस्तिकेचे अकरावे पान उघडून दाखवले: ‘जात कोणती, हा प्रश्न गौण आहे.’ भटजींनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि खायचे पान लावायला घेतले.

तवंदीचा घाट

निपाणीला सर्व्हिस मोटार जाते. चौदा माणसांच्या जागेत आम्ही तेवीस, वर कोंबड्यांची टोपली. तवंदीच्या घाटात मोटारीने दम टाकला. नाकाडातून वाफ निघू लागली. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, “पाणी असंल ती काढा!” ज्याच्याजवळ होते त्याने दिले. भटजींनी मात्र आपला मोठा तांब्या पोटाशी धरला. त्यात शुद्धीसाठी घरून सोवळ्यात भरून आणलेले पाणी होते आणि त्यात काशीहून आलेल्या गंगेचे चार थेंब.

“हे देता येत नाही,” भटजी म्हणाले.

“मग हितंच ऱ्हावा भटजी. रात्री लांडगं येत्यात, तेंच्यावर शिंपडा.”

तांब्या गेला. मोटार गुरगुरून पुढे निघाली. या दौऱ्यातली पहिली शुद्धी अशी मोटारीची झाली, आणि खरे सांगतो, तिला गुण आला. निपाणीपर्यंत ती एकदाही रुसली नाही.

निपाणी

निपाणीत मोटारीतून पाय खाली ठेवला आणि मला शिंक आली. सगळ्या गावावर तंबाखूची बारीक धूळ तरंगत असते. वखारींतून पोती, ओट्यांवर पाने, दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका. त्यांचे हात पाहावेत. डोळे गप्पांत आणि बोटे आपली आपण चाललेली. त्या कोणी शिंकत नाहीत. शिंकतो तो परगावचा, आणि पोरेसुद्धा त्याला ओळखतात.

संध्याकाळी बाजारपेठेत मी व्याख्यान ठेवले होते. माणसे बरी जमली. मी म्हणालो, “बंधूंनो!” आणि शिंकलो. पुन्हा “बंधूंनो!” आणि पुन्हा. पुढे बसलेल्या एका शेतकऱ्याने शेजाऱ्याला कोपर मारले: “ऊठ रं. सुरवातीलाच शिंक. कायबी चांगलं ऐकाय मिळायचं न्हाय.” तिसऱ्या शिंकेला निम्मे उठले. अंधश्रद्धेवर मी चार शब्द जोरदार सुनावणार होतो, पण ते चार शब्दही नाकावाटे गेले. भटजी खाली बसून तपकीर ओढत होते आणि त्यांना काहीच होत नव्हते.

करंजवाडी, रविवार

निपाणीहून चार कोस बैलगाडीने. दोन्ही बाजूंना काढून झालेल्या तंबाखूची रिकामी राने, मध्ये जोंधळ्याची धाटे, आणि लांबून दिसणारे देवीचे पांढरे देऊळ. त्याला लागूनच पिराचा हिरवा ओटा. देऊळ आणि पीर इतके जवळ की दोघांत मिळून एकच लिंब.

लिंबाखाली बाबालाल उभा होता. उंच, वाळलेला, पांढरी दाढी, डोईला फेटा. त्याने हात जोडून “राम राम” केला. माझ्या अंगावर काटा आला.

“जत्रा मंगळवारी हाय पाव्हणं,” तो म्हणाला. “उद्या सोमवारी करून टाकूया. लई वक्ताला आलासा.”

त्याच्या खोपटात आम्ही बसलो. बायको दोन वर्षांमागे वारली होती. एकच लेक, ती संकेश्वराला दिलेली. भिंतीला मृदंग टांगलेला. मारुतीच्या देवळात तीस वर्षे तो भजनाला मृदंग वाजवतो, असे कळले. मी पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी वही काढली.

“बाबालाल, तुम्हाला आमच्या धर्मात येण्याची ओढ नेमकी कशानं लागली? भजनानं?”

“भजन तर हायच की. तेला कोन नको म्हनतंय? मुसलमान हाय म्हनून कुनी मृदंग काढून घेतला न्हाय.”

“मग?”

तो उठला. आढ्यात खोचलेली, फडक्यात गुंडाळलेली एक लांब सुरी काढून त्याने माझ्यापुढे ठेवली.

“हिच्यानं,” तो म्हणाला.

इथे मला माझे अज्ञान कबूल केले पाहिजे. मुलाणी हे मी आडनाव समजत होतो. ते काम आहे. त्या भागात गावचा मुलाणी म्हणजे पिराची दिवाबत्ती करणारा आणि गावातली बकरी कापणारा मुसलमान. मराठ्यांच्या घरी बकरे त्याच्याच हातचे लागते. त्याने अल्लाचे नाव घेऊन सुरी फिरवली नाही तर ते कोणी तोंडात घालत नाही. देवीच्या जत्रेत उंबऱ्यामागे एक बकरे, म्हणजे करंजवाडीत एका सकाळी शंभरावर बकरी, आणि सगळी एकट्या बाबालालने कापायची.

“हात कापतोय आता,” त्याने दोन्ही हात पुढे धरले. खरेच थरथरत होते. “आमच्यात सांगितलंय, एका दमात झालं पायजे, जनावराला तरास द्यायचा न्हाय. मागल्या जत्रेत एका बकऱ्याला तीनदा सुरी फिरवाय लागली. बघत हुतं माज्याकडं. तवापासनं माज्या घशाखाली मटन उतरत न्हाय. तसं बी जत्रेत मी कवाच जेवलो न्हाय. सांजपत्तुर हाताचा वास जात न्हाय, जेवनार कसं? समद्या गावाचं जेवान झालं की मी आपला पानी पिऊन झोपायचा. तीस जत्रा झाल्या.”

“मग काम सोडा!”

“सोडू देत्यात व्हय? पाटलाला म्हनलं, तर म्हनतोय, तुला ल्योक न्हाय, तर तू मरूस्तवर तूच. मी म्हनलं, तुमी कापा. तर म्हनतोय, आमी हिंदू, आमाला चालत न्हाय.” तो जरा पुढे सरकला. “मग मी रातभर इचार केला, पाव्हणं. हिंदूला चालत न्हाय न्हवं? मग मी बी हिंदू हुतो!”

मी वही मिटली. पाचशे पत्रके पिशवीत होती.

सांगायला लाज वाटते, पण मी भटजींना घेऊन बाहेर आलो आणि म्हणालो, हा धर्मावरच्या श्रद्धेने येत नाही, हा सुरी टाळायला येतो आहे. भटजी म्हणाले, “तुमच्या पुस्तिकेत जीवदया हा हिंदू धर्माचा पाया म्हटलंय की हो. सातवं पान. मी काल मोटारीत वाचलं.” स्वतःची पुस्तिका अशी अंगावर आलेली मला आवडत नाही. पण तो थरथरणारा हात मी पाहिला होता. मी आत जाऊन म्हणालो, “उद्या सकाळी शुद्धी.”

चावडीवर

गाव झाडून सारे हिंदू. तेव्हा विरोध कसला होणार? मी चावडीवर जाऊन रामू आप्पा पाटलांना आनंदाची बातमी दिली. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज विहिरीतून यावा तसा. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “न्हाय.”

मी पुस्तिका उघडली. “आपला आक्षेप कोणता? शास्त्राधार हवा असेल तर पान तीन. बाटलेल्याला परत घेता येतं का, पान पाच. रोटीव्यवहार—”

“आवो, तेला घ्या न्हाईतर सोडा, बकरी कोन कापनार?”

मी पाने उलटली. तो आक्षेप पुस्तिकेत नव्हता.

मला राग आला. मी म्हणालो, “पाटील, देवी हिंदूंची, बकरं हिंदूंचं, खाणारे हिंदू, आणि एक माणूस हिंदू होतो म्हणतो तर तुम्हाला नको?”

“हिंदू लई झाल्यात गावात. मुलाणी येकच हाय.”

“मग तुम्ही कापा! पराक्रमी मराठे ना तुम्ही?”

एका म्हाताऱ्याने कानाला हात लावले. पाटील म्हणाले, “पाव्हणं, आमच्या बापजाद्यांपासनं देवीला मंतर मुलाण्याचाच चालतोय. आपल्या हातचं देवी घेत न्हाय. देवी कोपली, पटकी आली, तर तुमी पुन्यासनं येनार हाय का?”

“देवी मुसलमानाचं नाव घेतल्याशिवाय घेत नाही, हा कुठला हिंदू धर्म?”

“करंजवाडीचा,” पाटील म्हणाले.

मी पुस्तिका मिटून पिशवीत घातली. शेवटी पाटलांनी तोडगा काढला, तोही हसत नव्हे, अगदी न्यायाने. “तुमी आमचा मुलाणी न्हेताय. मग तुमीच दुसरा आना. उद्या दिवस मावळायच्या आत दुसरा मुलाणी गावात आला, तर करा तेला हिंदू. आमीच हलगी वाजवतो. न्हाय आला, तर मंगळवारी सुरी बाबालालच्याच हातात.”

बाबालाल चावडीच्या पायरीशी उभा होता. त्याने हात पाठीमागे घेतले.

पुन्हा निपाणी, सोमवार

अशा रीतीने शुद्धीचा प्रचारक सोमवारी सकाळी सकाळी निपाणीत मुसलमान शोधत फिरू लागला. दोन दिवसांपूर्वी याच पेठेत मी शिंकत शिंकत जे बोललो होतो ते बऱ्याच जणांना आठवत होते. मी कोणाला “तुम्ही मुलाणी का?” विचारले की तो घाईने दुसऱ्या गल्लीत वळे. एक म्हातारा म्हणाला, “आमी हाय तसं बरं हाय,” आणि दार लावले.

शेवटी वासुदेवभटजींनीच काम केले. ते तपकीर घ्यायला एका वखारीत शिरले आणि अर्ध्या तासात सगळी माहिती घेऊन आले. तिथे दस्तगीर नावाचा हमाल होता. बाप मुलाणी, पण तीन भावांत हा धाकटा; गावची सुरी थोरल्याकडे, म्हणून याला पोती वाहायची पाळी. तंबाखूच्या धुळीने त्याचा लहान मुलगा सारखा खोकतो. मोकळ्या हवेचे गाव मिळाले तर याच पावली निघेल.

आम्ही त्याच्या दारी गेलो. दस्तगीर तिशीचा, रुंद खांद्यांचा. त्याने सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे बोट केले.

“हे त्ये शिंकणारं पाव्हणं न्हवं? हिंदू करणारं?”

“व्हय,” भटजी म्हणाले.

“जुन्या मुलाण्याला हिंदू करत्यात, मग मला न्हेत्यात. उद्या मला बी हिंदू करशीला, मग गाव म्हननार, तिसरा आना!”

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “शबूद नगं. कागुद करा.”

कागद नव्हता. माझ्या पिशवीत होती ती पत्रके. पाठ कोरी होती. ‘एका तृषार्ताची हाक’ उलटी करून मी तिच्यावर लिहिले: ‘लिहून देतो की, दस्तगीर, त्याची बायको व मुलेबाळे यांस मी अथवा आमची सभा हिंदू होण्याचा आग्रह कधीही करणार नाही. करंजवाडीच्या पिराची दिवाबत्ती आणि सुरीचा मान त्याचाच राहील.’ खाली सही. साक्षीदार, वेदमूर्ती वासुदेवभटजी, राहणार शहापूर. बायकोने तो कागद शेजारच्या गुमास्त्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी करून कनवटीला खोचला आणि चुलीवरचे तवे उतरवू लागली.

माझ्या आजवरच्या लेखनात कोणी एवढ्या काळजीने जपलेला कागद तो हाच.

परतीच्या वाटेवर गाडीत दस्तगीरचे बिऱ्हाड, खोकणारे पोर, दोन कोंबड्या, भटजी आणि मी. गावाच्या शिवेवर माणसे वाट पाहत होती. मला पुण्यात एकदा हार घातला होता. पण दस्तगीरला पाहून करंजवाडीने जो जल्लोष केला तसला उत्साह मी हिंदू समाजात पाहिलेला नाही. पाटलांनी स्वतः त्याचा हात धरून उतरवले.

शुद्धी दिवस मावळायच्या थोडी आधी लिंबाखाली झाली. गंगेचे पाणी मोटारीने प्यायलेले, म्हणून भटजींनी गावच्या आडाचे घेतले आणि “गंगे च यमुने” म्हणून टाकले. पंचगव्य बाबालालने शांतपणे घेतले. “बाळकृष्ण” हे नाव भटजींनी कानात सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “बरं हाय. पन हाक कुनी मारली तर मी ओ देईन का न्हाय, सांगता येत न्हाय.” मग त्याने फडक्यातली सुरी उचलली आणि दस्तगीरच्या हातात दिली.

“धार ह्या अंगानं लाव. आनि दगूड आडावर हाय, तेलाचा. घाई करू नगंस. तेच्या डोळ्यांकडं बघायचं न्हाय, पन हात मऊ ठेवायचा.” एवढे बोलून तो बाजूला झाला आणि दोन्ही हात धोतराला पुसू लागला. त्यांवर काही नव्हते.

मला वाटले, काम झाले.

जत्रा, मंगळवार

सकाळी हलगी, गुलाल, आणि देवळामागे बकऱ्यांची रांग. दस्तगीर सराईत होता; कामाला लागला. मी त्या बाजूला पाठ करून उभा होतो. आमच्या घरी अंडेसुद्धा उंबऱ्याबाहेर राहते. बाळकृष्ण माझ्याशेजारी नवे धोतर नेसून उभा. तीस वर्षांत पहिल्यांदा तो जत्रेला मोकळ्या हाताने आला होता आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते.

इतक्यात पाटील आले. “मुलाण्या… न्हवं, बाळकृष्णा. तुजं बकरं कुटाय?”

“माजं?”

“हिंदूच्या उंबऱ्याला येक बकरं. जत्रेचा नेम हाय. काल हिंदू झालास न्हवं?”

बाळकृष्णाचा चेहरा पडला. जे टाळण्यासाठी त्याने धर्म बदलला तेच फिरून त्याच्या दारात आले होते. तो माझ्याकडे वळला. “पाव्हणं, ह्ये तुमच्या पुस्तकात हाय का?”

नव्हते. चव्वेचाळिसावा आक्षेप. तरी मी ओरडलो, “ब्राह्मणाच्या घरी कुठं बकरं असतं? लिंगायताच्या घरी?”

“न्हाय. तेंचा नारळ. जैनाचा बी नारळ,” पाटील म्हणाले. “ह्यो कंच्या जातीचा? तेवढं सांगा, काय आनायचं ते मी सांगतो.”

मी भटजींकडे पाहिले. भटजी आकाशाकडे पाहत होते. अकरावे पान आता सगळ्या गावाला दाखवावे लागणार होते.

“ब्राह्मनात घालूया का?” कोणी तरी म्हणाले, आणि सगळी जत्रा हसली. भटजी हसले नाहीत.

पाटलांच्या मागून त्यांची बायको पुढे आली. तिला सगळे गाव आक्का म्हणते. लहानखुरी बाई, पण पाटील बाजूला सरकले.

“येवढी मोठी मानसं, आन् येवढं बी सुचंना?” ती म्हणाली. “आमच्या म्हायेरी बकरं न्हाय दिलं तर कोहळा देत्यात. देवी घेती. आपल्या दारावर दिष्टीला टांगलाय, त्यो काढा.”

कोहळा आला, चांगला घागरीएवढा, राखेसारखा पांढरा. आता वाद संपला असे समजून मी त्याला विळीवर कापा म्हणालो. पाटलांनी हात आडवा केला.

“बळी त्यो बळी. मुलाण्याबिगर न्हाय.”

तेव्हा दस्तगीरला बोलावले. त्याने सुरी धुतली, कोहळ्याकडे पाहिले, मग जुन्या मुलाण्याकडे. “अण्णा, ह्येच्यावर काय म्हनायचं?”

“तेच. देवाचं नाव घ्यायला कोहळा काय आन् काकडी काय. म्हन, बिस्मिल्ला.”

कोहळा गोल, पाटावर ठेवला की लोळायचा. “कुनी तरी धरा की!” दस्तगीर म्हणाला. जवळ मी होतो. मी, शुद्धी का व कशी या पुस्तिकेचा कर्ता, देवीच्या दारात गुडघे टेकून दोन्ही हातांनी कोहळा धरून बसलो. कोहळ्यापुढे दस्तगीर देवाचे नाव विसरेल म्हणून काश्यप गोत्रातला बाळकृष्ण त्याच्या पुढे पुढे ते म्हणत होता. आणि समोर पाटील हात जोडून उभे होते. सुरी एका दमात गेली.

“ह्येनं बघितलं न्हाय,” बाळकृष्ण म्हणाला. त्याचा आवाज ऐकून मी वर पाहिले. तो हसत होता.

दुपारी लिंबाखाली पंगत बसली. तांबडा रस्सा एका बाजूला, आणि आमच्या तिघांपुढे आक्काने केलेली कोहळ्याची भाजी, जोंधळ्याची भाकरी आणि खर्डा. भटजी, मी, आणि आमच्या मध्ये बाळकृष्ण. पंगतीत शेजारी कोण बसणार, हा माझ्या पुस्तिकेतला सगळ्यांत लांब आक्षेप, सोळा ओळींचा. भटजी बसताना एवढेच म्हणाले, “सरका की हो थोडं.”

बाळकृष्ण जेवायला बसण्याआधी आडावर गेला आणि हात धुऊन आला. बसला. पुन्हा उठला, पुन्हा धुऊन आला. तिसऱ्यांदा उठू लागला तेव्हा आक्काने पळीच दाखवली.

“बस की रं मुलाण्या! काय लागलंय हाताला?”

त्याने हात नाकाशी नेऊन हुंगले. एकदा उजवा, एकदा डावा.

“कायबी न्हाय,” तो म्हणाला, आणि भाकरी मोडली.

तीन भाकऱ्या खाल्ल्या त्याने. चौथी मागितली तेव्हा पाटील रश्शाच्या बाजूने ओरडले, “हिंदू झाल्यापासनं भूक लई वाढली रं तुजी!” मी पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी वही काढली होती. ती तशीच मिटली आणि भाजी वाढून घेतली.